पहिल्या गोलाचा मासा

आइस हॉकीच्या मैदानावर मासा फेकणं ज्याला सोपं वाटत असेल, त्याने तो आधी स्वतः पकडावा, मग चार तास गाडीतून न्यावा, मग पोटाशी बांधून पहारेकऱ्यांच्या समोरून हसतमुखाने आत शिरावं, आणि त्यानंतर माझ्याशी बोलायला यावं. सध्या आमच्या हर्मिट बे गावात माझ्याबद्दल जे काही बोललं जातंय, त्यात खरं किती आणि मीठमसाला किती, हे एकदा स्वच्छ सांगून टाकतो. मी रसेल हौताला, वय अठ्ठावन्न, तालुक्याच्या नोंदणी कचेरीत सव्वीस वर्षं नोकरी. माझ्या टेबलावरून अपुऱ्या माहितीचा एकही अर्ज आजवर पुढे गेलेला नाही. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे माझी बरीच अब्रू जाणार आहे.

तर प्रथा अशी. आमच्या कॉलेजचा संघ परगावी खेळायला गेला की आम्ही दीड-दोनशे माणसं पाठोपाठ जातो, आणि आमच्या संघाचा पहिला गोल झाला की आमच्यापैकी एकाने बर्फावर मासा फेकायचा. का, ते विचारू नका. विचारणाऱ्याकडे आमच्याकडे फार वाईट नजरेने बघतात. नियम मात्र कडक आहेत. मासा फेकणाऱ्याने तो स्वतः, त्याच आठवड्यात, गोठलेल्या तलावातून पकडलेला हवा. दुकानातला चालत नाही. आणि फक्त पहिल्या गोलाला. पहिल्याला पंच डोळेझाक करतात. त्यानंतर फेकलात तर आपलाच एक खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसवतात, म्हणजे वरातीमागून घोडं आणि वर दंड. फेकणाऱ्याला दोन पहारेकरी दंडाला धरून बाहेर काढतात. तो हात हलवत हलवत जातो, आणि आमचे लोक उभे राहून त्याला निरोप देतात.

एकतीस वर्षं हे काम रूडी केट्टुनेन यांनी केलं. जानेवारीत ते सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, पायरीवरून घसरले, खुबा मोडला, आणि आता ते गावातल्या वृद्धाश्रमात खिडकीजवळच्या खाटेवर असतात. फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"पोरा," रूडी म्हणाले. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला पोरा म्हणणारं गावात आता दुसरं कोणी उरलेलं नाही. "शनिवारी आयर्न पोर्टेजला तू फेकायचास."

"मी?" माझा ऊर भरून आला. "इतक्या माणसांतून मी?"

"गॉर्डीचा खांदा गेलाय. लॅरीला बायको सोडत नाही. राहिलास तू."

उगाच नाही म्हणून बघितलं. आमच्याकडे कुठलीही गोष्ट तीनदा नाही म्हटल्याशिवाय घेत नाहीत. पण रूडींनी दुसऱ्या 'नाही'लाच हात वर केला.

"ऐक. मी इथं रेडिओ लावून बसणार आहे. आपला समालोचक मासा पडला की सांगतो, 'मासा बर्फावर!' एवढंच ऐकायचंय मला. चार वर्षं झाली त्या मैदानावर आपला मासा पडलेला नाही. डॉक्टर मला काही सांगत नाही, पण हल्ली जेवणात दोन-दोन वाट्या पुडिंग वाढतात. त्यावरून माणसाला काय ते कळतं."

चार वर्षं मासा पडला नाही, कारण चार वर्षं गोलच झाला नाही. आयर्न पोर्टेजच्या गोलपुढे सोरेन हालवर्सन नावाचा एक पोरगा उभा असतो. तो कॉलेजात आल्यापासून आमचा संघ तिथे पाच वेळा गेला आणि पाचही वेळा शून्यावर परत आला. हे त्याचं शेवटचं वर्ष, आणि शनिवारची त्याची घरच्या मैदानावरची शेवटची मॅच. म्हणजे मासा पडायचा तर याच शनिवारी. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणावर गोल करून आम्ही काय मोठे तीर मारणार?

"आणि जागा लक्षात ठेव," रूडी म्हणाले. "चौदा नंबरचा विभाग, सहावी रांग, पहिली खुर्ची. प्रेक्षकांना लागू नये म्हणून गोलच्या मागं टांगलेली जाळी तिथं संपते. तिथून एक खुर्ची जरी आत सरकलास तर मासा जाळीत अडकून वरच लोंबत राहील. एकोणीसशे सत्त्याण्णव साली मी ते भोगलंय."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि फेकायचं कसं ते दाखवलं. खालून, झोका दिल्यासारखं, डोळे बर्फावर. चौऱ्याऐंशी वर्षांचा तो हात एखाद्या दोरखंडासारखा घट्ट होता. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझं पहिलं विघ्न तिकीट खिडकीवर होतं. तिथल्या बाईंनी सांगितलं, पाहुण्यांच्या खुर्च्या कॉम्प्युटर ठरवतो, ठरावीक खुर्ची हवी असेल तर वैद्यकीय कारण द्यावं लागतं. "काय लिहू?" मी विचारलं. "ते मी कसं सांगणार? तुम्हाला काय होतंय ते लिहा," त्या म्हणाल्या. सव्वीस वर्षं मी लोकांना हेच वाक्य ऐकवत आलो होतो. खिडकीच्या पलीकडून ते इतकं झोंबत असेल असं वाटलं नव्हतं. शेवटी 'हालचालीस त्रास' असं मोघम लिहिलं. खुर्ची मिळाली.

मग मासा. शेजारच्या गॉर्डीने तलावावरची आपली मासेमारीची टपरी दिली आणि सोबत स्वतःलाही दिलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, कचेरी सुटली की मी बर्फाला पाडलेल्या भोकाकडे बघत बसायचो आणि गॉर्डी माझ्याकडे.

"गळ वर घे जरा."

घेतला.

"एवढा नाही रे. तू काय विहिरीतून पाणी काढतोयस का?"

गुरुवारी दाराशी थाप पडली. मासेमारीचा सरकारी निरीक्षक. त्याने माझा परवाना मागितला, उलटसुलट करून बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावर सूर्य उगवावा तसं हसू पसरत गेलं.

"रसेल, यावर सही नाही."

गॉर्डीने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलताना मला दिसत होते.

"मागच्या वर्षी माझा गॅरेजचा अर्ज तू सहीसाठीच परत पाठवलास ना?" निरीक्षक म्हणाला. "दोनदा."

"दुसऱ्यांदा तारीख नव्हती," मी म्हणालो. तत्त्व ते तत्त्व.

त्याने पेन पुढे केलं. बाहेर उणे वीस, पेनातली शाई गोठलेली. ते पेन काखेत धरून मी दहा मिनिटं त्या दोघांच्या समोर उभा होतो. सरकारी माणसाची एवढी शोभा सरकारने आजवर कधी केली नसेल. आणि नेमकी तेव्हाच दोरी ओढली गेली.

वर आला तो बर्बॉट. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: सापाचं अंग, बेडकाचं तोंड, हनुवटीला एकच केस, आणि वरून शेंबडासारखा चिकट थर. बाहेर येताच त्याने शेपटी माझ्या मनगटाला गुंडाळली आणि गळ तर पार पोटात घालून घेतला होता. आमच्याकडे या माशाला 'वकील' म्हणतात. का, ते मी सरकारी नोकरीत असल्यामुळे सांगू शकत नाही. निदान ट्राउट तरी मिळावा अशी माझी इच्छा होती. पण दोन दिवसांत दुसरा काही मिळण्यातला नव्हता. गळ काढायचा प्रयत्न केला, निघेना. दोरी कापली आणि म्हटलं, राहू दे आत, कुणाला कळतंय?

सल्ल्यांचा पूर शुक्रवारी आला. लॅरीचं मत, मासा दगडासारखा गोठवून न्यावा, म्हणजे वास येत नाही. गॉर्डीचं मत, गोठलेला मासा हा मासा नसून सोटा असतो, कोणाच्या डोक्यात बसला तर खुनाचा खटला होईल. टपालवाल्या बाई गाडी थांबवून सांगून गेल्या की उशीच्या अभ्र्यात गुंडाळा, अभ्रा सुती हवा. माझी बायको मार्लिस हिचं मत एका वाक्याचं होतं.

"ते ध्यान घरात येणार नाही."

शेवटी रात्रभर बर्फाच्या ढिगात ठेवायचा आणि शनिवारी गाडीत हळूहळू मऊ होऊ द्यायचा, असं ठरलं. गाडीचा हीटर लावला आणि तासाभरात तो इतका मऊ झाला की मार्लिसने काचा खाली केल्या. पुढचे तीन तास आम्ही टोप्या, मफलर, हातमोजे घालून, दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून, उणे अठरात गाडी चालवली.

"माझी बहीण सांगत होती," मार्लिस दातावर दात वाजवत म्हणाली, "दातांच्या डॉक्टरचं स्थळ आलंय, त्याला हो म्हण. तेहतीस वर्षं झाली. रोज नाही, पण अधूनमधून आठवतं मला."

"रूडींसाठी आहे गं."

"माहितीये. म्हणून तर गाडीत बसलेय. नाहीतर तुला आणि त्याला अर्ध्या वाटेत उतरवलं असतं."

आयर्न पोर्टेजच्या दारापाशी पोचलो तेव्हा मासा अभ्र्यात, अभ्रा माझ्या पोटाशी, वरून पट्टा, त्यावर स्वेटर आणि त्यावर कोट, अशी व्यवस्था होती. शेपटीचा भाग थोडा खाली गेला होता, त्याबद्दल जास्त बोलत नाही. आत पारदर्शक पिशवीच न्यायची असा नियम होता. मार्लिसची पर्स दोनदा उलटीपालटी झाली. मी धातू शोधणाऱ्या चौकटीतून ऐटीत पाऊल टाकलं.

चौकट किंचाळली.

मी मागे गेलो, किल्ल्या काढल्या, पुन्हा आलो. पुन्हा किंचाळली. मग तिथल्या पहारेकरीण बाईंनी हातातली पट्टी माझ्या अंगावरून फिरवली. डोकं ठीक, छाती ठीक, आणि पोटाशी ती पट्टी अशी काही ओरडली की मागची रांग दोन पावलं सरकली. गळ! माशाच्या पोटातला गळ!

"काय आहे हो तिथं?" बाईंनी विचारलं. त्यांच्या छातीवर डार्लीन असं नाव होतं.

"ते... आतलं आहे," मी म्हणालो. हे अक्षरशः खरं होतं.

डार्लीनने माझं तिकीट यंत्रावर धरलं, पडद्यावर वाचलं, आणि तिचा चेहरा एकदम लोण्यासारखा झाला. "अगं बाई! हालचालीस त्रास! ऑपरेशन झालंय होय? आमच्या ह्यांच्या पण पोटात जाळी बसवलीये. आणि तुम्ही चालत आलात? या थंडीत? थांबा, खुर्ची आणते."

"नको नको," मी म्हणालो.

"अहो आणते ना."

"खरंच नको."

"मला काही त्रास नाही हो."

"छे, छे, नको."

तीन झाले. आमच्या मुलखात तिसऱ्या 'नको'नंतर माणूस हो म्हणाला असंच धरतात, आणि ते धरलं गेलं. दुसऱ्या मिनिटाला मी चाकांच्या खुर्चीत होतो, मांडीवर आयर्न पोर्टेजच्या रंगाचं पांघरूण, आणि डार्लीन मला ढकलत निघाली होती. चौदा नंबरकडे नाही. चाकांच्या खुर्च्यांसाठी राखलेल्या जागेकडे, एकदम वर, बरोब्बर गोलच्या मागे, जिथे समोर छतापर्यंत नुसती जाळीच जाळी. मार्लिस मात्र आपलं तिकीट घेऊन थेट सहाव्या रांगेत गेली. मागे वळून तिने माझ्याकडे जे बघितलं त्यात तो दातांचा डॉक्टर स्पष्ट दिसत होता.

पहिली वीस मिनिटं, म्हणजे खेळाच्या तीन भागांतला पहिला, मी तिथून बघितली. आणि इथे मला कबूल करायला हवं की थोड्या वेळाने मी माझं दुःख विसरलो. मी हॉकी लहानपणापासून बघतोय, पण गोलरक्षकाच्या पाठीमागून, इतक्या वरून, कधी बघितली नव्हती. आमची पोरं पाचच्या पाच जण अंगावर धावून येत होती, आणि तो हालवर्सन हलतच नव्हता. खेळातली ती रबरी चकती जिथे येणार तिथे तो आधीच असायचा. गुडघ्यावर बसला की बर्फाचा करकर आवाज वर माझ्यापर्यंत यायचा, आणि चकती त्याच्या छातीवर, हातात, पायावर येऊन नुसती मरून पडायची. चौदा फटके आले, चौदा अडवले. बावीस वर्षांचा पोरगा, पण देवळात गेल्यावर वाटतं तसं काहीतरी त्याच्याकडे बघून वाटत होतं. माझ्या बाजूच्या खुर्चीतल्या आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

मध्यंतराला मी उठून उभा राहिलो. उठलं पाहिजेच होतं. गोल दुसऱ्या भागात झाला असता तर?

"अहो, उठू नका!" डार्लीन कॉफीचा कप घेऊन धावत आली.

"बरं वाटतंय मला."

"बरं?"

"एकदम." आणि मी चालायला लागलो. पोटावर दोन्ही हात धरलेले, कारण मासा सुटत चालला होता. मागून त्या टोपीवाल्या आजोबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग अख्ख्या रांगेने वाजवल्या. परक्या गावात, खोट्या आजारातून उठल्याबद्दल टाळ्या घेत मी जिना उतरलो. मला इतकी लाज माझ्या लग्नातसुद्धा वाटली नव्हती.

सहाव्या रांगेत मार्लिसशेजारी माझी जागा गाठली. माझ्या पहिल्या खुर्चीच्या पलीकडे वाट, आणि वाटेपलीकडे आयर्न पोर्टेजवाले सुरू होतात. तिथल्या कडेच्या खुर्चीत सत्तरीच्या एक बाई सुया-लोकर घेऊन बसल्या होत्या. विणकामावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "रूडी कुठाय?"

"खुबा मोडला. मी रसेल."

"मी ब्लांश. अठ्ठावीस वर्षं आम्ही इथं शेजारी बसतो." त्यांनी नाकाने हवा हुंगली. "बर्बॉट आणलास?"

मी इकडेतिकडे बघितलं. "कशावरून?"

"माझा नवरा कोळी होता रे. ट्राउटला इतका दर्प नसतो." त्या माझ्याकडे झुकल्या. "चार वर्षं वाट बघतेय. सोरेन आमच्याच गल्लीतला. त्याच्यावर गोल व्हावा असं मी म्हणणार नाही. पण मासा तो मासा. झालाच गोल तर नीट फेक. रूडीचा मैदानाच्या मधल्या लाल रेषेपर्यंत जायचा."

दुसऱ्या भागात गोल झाला, पण त्यांचा. एक-शून्य. आमच्या कोपऱ्यात सगळे मूग गिळून बसले. मार्लिसने माझ्या कोटाची चेन अर्ध्यावर आणून ठेवली, वेळेवर अडकू नये म्हणून. मी हात आत घालून अभ्र्याची गाठ सोडली. मासा आता पूर्ण शुद्धीवर, म्हणजे पूर्ण मऊ, आला होता, आणि त्याचा चिकटा माझ्या मनगटावरून बाहीत चढत होता. मी मनात रूडींची तालीम करत होतो. खालून, झोका, डोळे बर्फावर.

तिसऱ्या भागाची अकरा मिनिटं उरली होती. आमचा सव्वीस नंबर, टॅनर व्हिटाला. हा पोरगा चार वर्षं संघात आहे आणि बहुतेक वेळ बाकावर असतो. चार वर्षांत दोन गोल. चकती कडेच्या फळ्यांवर आपटून त्याच्या पायांत आली तेव्हा तो स्वतःच दचकला. समोर दोघे होते. तो थांबला. बर्फावर कोणी थांबत नाही, तो थांबला, आणि ते दोघे त्याला ओलांडून पुढे घसरत गेले. मग तो गोलच्या मागून वळून दुसऱ्या बाजूने आला. हालवर्सन आधीच तिथे होता, अर्थात, खांबाला टेकून, कुठे फटच नव्हती. व्हिटालाने चकती काठीच्या उलट्या बाजूवर घेतली आणि उचलली. फटका नव्हता तो, नुसतं उचलणं होतं. ती इतकी सावकाश वर गेली की मला तिच्यावरची अक्षरं दिसली असं वाटलं. हालवर्सनच्या खांद्यावरून ती गेली, आणि गोलच्या जाळीच्या माथ्यावर ठेवलेली त्याची पाण्याची बाटली टणकन उडून हवेत फिरली.

चार हजार माणसं आणि आवाज नाही. ती बाटली बर्फावर पडून घरंगळली, तो आवाज ऐकू आला.

मग आमचे दोनशे फुटले. कोण कोणाच्या गळ्यात पडलं, सांगता येणार नाही. आणि मी उभा होतो, हात कोटात, तोंड उघडं. व्हिटाला वेड्यासारखा धावत सुटायचा सोडून काठीकडे बघत उभा होता, हे खरंच झालं का म्हणून. हालवर्सनने मुखवटा वर केला. मला वाटलं, हा आता काठी आपटेल. तो वाकला, बाटली उचलली, एक घोट घेतला, आणि व्हिटालाकडे बघून काठी बर्फावर दोनदा टकटक वाजवली. शाबास म्हणायची त्यांची ती रीत. आणि मग वरच्या रांगेपासून एकेक करत आयर्न पोर्टेजवाले उभे राहायला लागले. त्यांच्यावर गोल झाला होता आणि ते टाळ्या वाजवत होते, त्या पोराच्या चार वर्षांसाठी. आमचे लोक ओरडायचे थांबले आणि तेही टाळ्या वाजवायला लागले. अठ्ठावन्न वर्षांत मी असलं काही बघितलं नव्हतं, आणि मला दुसरं काहीही दिसत नव्हतं.

"रसेल!" मार्लिस.

"फेक रे!" ब्लांश, सुईने माझ्या बरगडीत टोचत.

"काय?" मी म्हणालो.

"मासा!"

"कुठला मासा?"

हे शब्द माझे आहेत. गावात सांगतात तसेच्या तसे. त्याबद्दल तक्रार नाही.

भानावर आलो तेव्हा वाटेच्या तोंडाशी दोन पहारेकरी येऊन उभे होते, मला बाहेर काढायला, हातमोजे घालून तयार. पंच चकती हातात घेऊन आमच्या कोपऱ्याकडे बघत थांबला होता. खरंच थांबला होता. बर्फावरचा मासा उचलायला एक माणूस फावडं घेऊन, दार उघडून उभा होता. मी कोटातून हात ओढला, मासा निसटला आणि स्वेटरच्या आत वर काखेकडे गेला. पंचाने खांदे उडवले, शिट्टी वाजवली, चकती टाकली, आणि खेळ सुरू झाला. मासा फेकायची वेळ संपली. एक पहारेकरी माझ्याकडे इतक्या निराशेने बघत होता की मला त्याची माफी मागावीशी वाटली.

आम्ही जादा वेळेत दोन-एक हरलो. तोपर्यंतचं एकेक मिनिट मी बघितलं, खुर्चीत बसून, काखेत मासा घेऊन. मॅच संपल्यावर हालवर्सनने व्हिटालाला जवळ ओढून कानात काहीतरी सांगितलं आणि दोघे हसले, तेही बघितलं.

"टाकणार नसशील तर दे इकडं," उठताना ब्लांश म्हणाल्या. "लोण्यात परतला की झिंग्यासारखा लागतो. आणि रूडीला सांग, मी विचारलंय."

मी आमच्या गावाची प्रथा अभ्र्यासकट शत्रूच्या हवाली केली. गळाची सूचना मात्र दिली.

घरी जाताना खिडक्या बंद होत्या, तरी मला थंडी वाजत होती. रूडी रेडिओला कान लावून बसले असतील. गोल ऐकला असेल. आणि मग?

रविवारी दुपारी मी वृद्धाश्रमात गेलो. वाटेत मी तीन कारणं तयार केली होती: चेन अडकली, मासा निसटला, पहारेकऱ्यांनी आधीच धरलं. रूडी भिंतीकडे तोंड करून पडले होते. टेबलावर पुडिंगच्या दोन वाट्या, दोन्ही भरलेल्या.

"तीनदा म्हणाला तो," ते भिंतीशीच बोलले. "'आता मासा येईल.' मग म्हणाला, 'आता येईल.' मग म्हणाला, 'नाही. मासा नाही.'"

"रूडी..."

"अडकला?"

"नाही."

"धरलं तुला?"

"नाही." तिन्ही कारणं तोंडापर्यंत येऊन परत गेली. "विसरलो मी. बघत बसलो."

"काय बघत बसलास?"

मी उभ्याउभ्याच सांगायला लागलो. व्हिटाला थांबला ते. बाटली उडाली ते. बाटलीपर्यंत आलो तेव्हा रूडींनी मान वळवली.

"बाटली उचलली कुणी?"

"त्यानंच. पाणी प्यायला, आणि आपल्या पोराला दोनदा काठी वाजवली."

"गोल खाल्ल्यावर?"

"हो. आणि मग त्यांचे लोक उभे राहिले."

"निघून गेले?"

"टाळ्या वाजवायला, रूडी. सगळे. चार हजार."

रूडी हाताच्या कोपरावर जोर देऊन उठायला लागले. मी उशी पाठीशी लावून दिली.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले. "गोल झाला की मी फेकायचो, आणि फेकला की माझ्यासमोर पहारेकऱ्याची पाठ. पुढचं सगळं गाडीत, रेडिओवर. परक्या गावात आपला गोल झाल्यावर माणसं कशी दिसतात, ते मी कधी बघितलेलं नाही."

मी पुडिंगची एक वाटी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती बाजूला केली आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बस, पोरा. बाटली उडाली तिथून सांग. आणि घाई करू नकोस. आज मला कुणी बाहेर काढत नाहीये."